क्युकेनहॉफच्या ट्यूलिपमध्ये भेटलेला वारकरी

सदाफुली

लेकीकडे नेदरलँड्सला दीड महिना राहून मागच्याच आठवड्यात परत आले. क्युकेनहॉफ या तिथल्या ट्यूलिपच्या प्रसिद्ध बागेबद्दल इथे मंचावर पूर्वीही लिहून झालं आहे, त्यामुळे फुलांचं वर्णन करत बसत नाही. ३२ हेक्टरची बाग, दर वर्षी थंडीच्या आधी हाताने लावलेले सुमारे ७० लाख कंद, आणि बाग उघडी जेमतेम आठ आठवडे. वाचलं होतं तसंच सगळं आहे. डोळे निवतात. पण मला सांगायचंय एका काळ्या पक्ष्याबद्दल. घरी येऊन फोटो चाळताना लक्षात आलं की त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतंय ते त्याचंच काम.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. लायडन स्टेशनवरून ८५४ नंबरची बस पकडून आम्ही बऱ्यापैकी लवकर पोचलो. दोन तास फिरल्यावर माझे गुडघे बोलायला लागले. जावई नातीला घेऊन पवनचक्कीकडे गेले, मी आणि लेक पाण्याच्या कडेला एका बाकावर टेकलो. मागे जुनी बीचची झाडं, नुकती पालवलेली. समोर कालव्यासारखा संथ पाण्याचा पट्टा आणि पलीकडच्या काठावर लाल-पिवळ्या ट्यूलिपचे ताटवे. गर्दी त्या काठावर होती, आमच्याकडे शांत होतं.

पाण्यातून एक पक्षी सरळ आमच्या दिशेने पोहत आला. कोळशासारखा काळा. चोच पांढरीशुभ्र, आणि तो पांढरा रंग चोचीवरून तसाच वर कपाळावर चढत गेलेला. डोळा गुंजेसारखा लाल. चोचीत ट्यूलिपचं एक लांब पान आडवं धरलेलं, बहुतेक माळ्यांनी काढून टाकलेल्या पाचोळ्यातलं. पान त्याच्यापेक्षा लांब, त्यामुळे पाण्याला घासत होतं आणि त्याला सारखी मान वाकडी करावी लागत होती. आमच्यापासून दहा-बारा फुटांवर एक फांदी पाण्यात झुकली होती. तिच्या बेचक्यात घरटं होतं, ते आम्हाला तोवर दिसलंच नव्हतं! काटक्या, बोरूची सुकलेली पाती, कागदाची एक पट्टी आणि पिवळ्या ट्यूलिपच्या तीन-चार पाकळ्या. वर दुसरा पक्षी बसलेला. त्याने पान घेतलं, एका बाजूला खोचलं, पाहिलं, उपसलं, परत दुसऱ्या बाजूला खोचलं. साडीच्या निऱ्या मनासारख्या पडेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडाव्यात तसं. तोवर पहिला पुढचं पान आणायला निघालासुद्धा.

मग बसलेला पक्षी जरा उठला आणि त्याच्या पोटाखालून डोकी बाहेर आली. एक, दोन, चार, शेवटी सात मोजली. पिल्लं इतकी वेगळी दिसतात की दुसऱ्याच कुणाची वाटावीत. अंग काळं, डोकं लालभडक आणि वर जवळजवळ टक्कल, मानेभोवती नारिंगी-पिवळ्या तुसांची झालर.

थोड्या वेळाने नर की मादी कोण जाणे, एक जण गवतावर चढला आणि त्याचे पाय दिसले. बदकासारखे पडद्याचे नाहीत. प्रत्येक बोट सुटं आणि प्रत्येक पेराला दोन्हीकडे एकेक गोल चपटी पाळी, पाकळीसारखी. रंग राखाडी-हिरवा. पाय उचलला की पाकळ्या मिटायच्या, टेकला की पसरायच्या. ज्या बागेत लाखो पाकळ्या बघायला लोक येतात तिथे हा पायाला पाकळ्या लावून हिंडत होता, आणि बघणारे आम्ही दोघीच.

एक राखी बगळा बराच वेळ काठावर पुतळ्यासारखा उभा होता. तो दोन पावलं पुढे सरकला मात्र, वारकऱ्याने (नाव आता सांगतेच) मान पाण्यालगत सपाट केली, पंख फुगवले आणि असा काही धावून गेला की एवढा मोठा बगळा उडून पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक डच आजी बसल्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं, मेयरकूट. मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडे याला वारकरी म्हणतात. दर वर्षी आपल्या देवाला भेटायला शेकडो किलोमीटर चालत जाणाऱ्या माणसांच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, तसा याच्या कपाळावर आहे म्हणून. आजींनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'वार-का-री.' मग पाण्याकडे बघून मान हलवली.

आम्ही तिथे पाऊण तास बसलो. नंतर कळलं की तिकडे ऑर्किडचं प्रदर्शन बघायचं राहूनच गेलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता जाणकारांना तीन प्रश्न:

काळा, पिवळ्या चोचीचा, अतिशय गोड गाणारा पक्षी कोणता? डोळ्याभोवती काजळ फिसकटल्यासारखा तपकिरी डाग असलेलं हंसासारखं काय होतं? आणि लायडनमध्ये मला चक्क हिरवे पोपट ओरडत गेल्यासारखे वाटले, तो भास होता का?

---

रानवाट

ताई, काय सुंदर लिहिलंय! पायांचं निरीक्षण तर फारच नेमकं. वारकरीच तो. काही भागांत चांदवा म्हणतात. पाणकोंबडीशी गल्लत होते, पण पाणकोंबडीच्या कपाळाचा पट्टा लाल असतो, चोचीचं टोक पिवळं, आणि बोटं लांबसडक, पाळ्यांशिवाय. तीही त्या बागेच्या कडेकडेने असणारच, फक्त लाजरी असते. आपल्या तलावांवर हिवाळ्यात वारकऱ्यांचे थवे उतरतात, पण ते एवढे लांब असतात की पाय बघायला मिळणं दुर्मीळच. डच शहरांतले पक्षी माणसांना सरावलेले, त्यामुळे तुम्हाला ते दहा फुटांवरून दिसलं.

गाणारा पक्षी म्हणजे ब्लॅकबर्ड, डच नाव मेरल. आपल्या कस्तुराचा जवळचा नातलग. नर काळा, चोच आणि डोळ्याभोवतीचं कडं पिवळं. मादी तपकिरी. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर संकट आलं होतं. २०१६ पासून तिथे उसुतू नावाच्या विषाणूने पुष्कळ मेरल मेले. डास पसरवतात तो. म्हणून तुम्हाला तो जोरात गाताना ऐकू आला हे वाचूनच बरं वाटलं.

काजळवाला म्हणजे इजिप्शियन गूज. मूळचा आफ्रिकेतला, शोभेसाठी आणलेले पक्षी सुटले आणि तिथेच रुजले. २०१७ मध्ये युरोपीय महासंघाने त्याला आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत घातलं.

---

कालव्याकाठी

मी लायडनमध्ये गेली अकरा वर्षं राहते. पोपट भास नाहीत काकू, आपलेच पोपट आहेत! गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेले. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा. हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, सगळीकडे पसरलेत. थंडीत तगतात कसे, असं सगळे विचारतात, पण हिमालयाच्या पायथ्याशी थंडी सोसणारी जात आहे ती. पहिल्या वर्षी मी इथे एकटी होते. नोव्हेंबरच्या एका करड्या संध्याकाळी डोक्यावरून त्यांचा थवा ओरडत गेला तेव्हा रस्त्यात सायकल थांबवून रडले होते.

वारकऱ्याच्या घरट्यात तुम्हाला कागदाची पट्टी दिसली ना, त्यावरून सांगते. इथल्या नॅचरॅलिस संग्रहालयातल्या संशोधकांनी ॲमस्टरडॅमच्या रोकिन कालव्यातलं वारकऱ्याचं एक घरटं एकेक थर करत उलगडून पाहिलं. वारकरी खरं तर दर वर्षी नवं घरटं बांधतो, कारण झाडपाला कुजून जातो. प्लास्टिक कुजत नाही, त्यामुळे जुन्याच पायावर नवं बांधकाम चढत गेलं. वरच्या थरात करोनाकाळातले मास्क, आणि तळाशी १९९४च्या फुटबॉल विश्वचषकाची जाहिरात असलेलं चॉकलेटचं वेष्टन! २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तीस वर्षांचा कचरा एका घरट्यात, तारीखवार.

तुमच्या घरट्यात ट्यूलिपची पानं आणि पाकळ्या होत्या हे म्हणूनच मला फार आवडलं. ती पुढच्या वर्षापर्यंत मातीत जातील.

---

मधुमालती

मी बागकाम करते, म्हणून माझा प्रश्न: एवढ्या फुलांवर मधमाश्या होत्या का? दुसऱ्या एका प्रसिद्ध बागेत मला हजारो फुलांत एकही कीटक दिसला नव्हता. तेव्हापासून मन खट्टू झालंय.

---

सदाफुली

सगळ्यांचे मनापासून आभार. पोपटांचं वाचून लेकीला लगेच फोन केला.

मधुमालती, ट्यूलिपवर मला फारशा दिसल्या नाहीत. पण खाली निळ्या मण्यांचे घोस असावेत तशी बुटकी फुलं होती, त्यावर मात्र भुंगे होते. जाडजूड, केसाळ, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे.

---

रानवाट

ते भुंगे नव्हेत, बंबलबी, म्हणजे जाड केसाळ माश्या. आणि एप्रिलमधल्या एवढ्या मोठ्या म्हणजे बहुतेक राण्या. हिवाळाभर जमिनीत एकटी झोपलेली राणी वसंतात बाहेर येते, आधी पोट भरते, मग उंदराचं रिकामं बीळ वगैरे शोधून तिथे एकटीने नवी वसाहत सुरू करते. पहिल्या कामकरी माश्या तयार होईपर्यंत सगळं तिलाच करावं लागतं. त्या दिवसांत जवळपास फूल मिळालं नाही तर अख्खी वसाहतच होत नाही. निळे घोस म्हणजे मस्कारी, मधासाठी उत्तम.

ट्यूलिपमध्ये मध जवळजवळ नसतोच, पराग असतो. आणि दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे परागही गेला. मधमाशीच्या दृष्टीने ते रिकामं ताट. मधुमालतीताई, तुम्हाला त्या बागेत कीटक दिसले नाहीत त्यामागे हेही एक कारण असू शकेल.

पण क्युकेनहॉफमध्ये एक फूल जरूर शोधा: क्राउन इंपीरियल. उंच दांडा, वर हिरव्या पानांचा तुरा आणि त्याखाली नारिंगी किंवा पिवळ्या घंटा गोलाकार उलट्या लटकलेल्या. वासावरून सापडेल, उग्र असतो, कोल्ह्यासारखा म्हणतात. त्या घंटेखाली वाकून आत वर बघा. सहा पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मुळाशी मधाचा एकेक टपोरा थेंब, मोत्यासारखा चमकणारा. घंटा उलटी असूनही पडत नाही. युरोपातल्या बागांमध्ये ब्लू टिट नावाचा इवलासा पक्षी तो मध पिताना परागीभवन करतो. युरोपात फुलाचं परागीभवन करणारा पक्षी ही फार विरळ गोष्ट. आणि हे फूल डच नाहीच. तुर्कस्तानापासून काश्मीरपर्यंतच्या डोंगरांतलं आहे.

---

मधुमालती

कोल्ह्याच्या वासाचं फूल आणि आत सहा मोती! हे एकदा डोळ्यांनी बघायचंच.

---

पाऊलखुणा

धागा छान आहे, पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. आपण ज्याला निसर्ग म्हणून बघतोय ती शेती आणि सजावट आहे. कंदांच्या शेतीत कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं भरपूर वापरतात, नेदरलँड्समध्येही त्यावरून वाद चालू आहेत. बाग सुंदर असेल, पण भोवतीच्या शेतात किडा दिसत नसेल तर पक्षी काय खाणार? दोन-चार सरावलेली बदकं बघून 'वन्यजीवन' म्हणणं मला पटत नाही.

---

सदाफुली

पाऊलखुणा, तुमची तळमळ कळते आणि औषधांबद्दलचं म्हणणं मान्यही आहे. पण ज्याने सात पिल्लांसाठी बगळ्याला हाकललं तो पक्षी सजावट नव्हता हो. त्याला कुणी तिथे आणून ठेवलेलं नाही, त्याने ती जागा स्वतः निवडली. माणसाने केलेल्या जागेत तो जगतोय, एवढ्याने त्याचं जगणं कमी खरं होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

---

टिटवी

दोघांचंही बरोबर आहे, आणि उत्तर बागेच्या फाटकाबाहेर आहे. माझी तिसरी खेप होती, या वेळी बागेत दोनच तास थांबले आणि उरलेला दिवस भाड्याच्या सायकलने बाग ज्या गावात आहे त्या लिसेच्या आसपास फिरले.

कंदांच्या पट्ट्यांपलीकडे जिथे नुसतं ओलं गवत आहे तिथे थांबा. तिथे ग्रुटो दिसतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, लांब पायांचा, लांब सरळ चोचीचा, विटकरी गळ्याचा. कुंपणाच्या खांबावर उभा राहून स्वतःचंच नाव घेतो: 'ग्रुटो, ग्रुटो.' २०१५ मध्ये लोकांनी मतदान करून त्याला नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी निवडलं. १९६०च्या दशकात त्याच्या लाखाहून जास्त जोड्या तिथे घरटी करत, आज त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. गवत लवकर आणि वारंवार कापतात, पिल्लं यंत्राखाली जातात. शिवाय पाणी उपसून कोरडी केलेली, एकाच जातीच्या गवताची कुरणं, त्यात किडे नाहीत. स्वयंसेवक शेतांत घरटी शोधून काठ्या रोवून खुणा करतात, म्हणजे ट्रॅक्टरवाला तेवढा तुकडा सोडतो. मी अशी काठ्यांची जोडी रस्त्यावरून पाहिली. मधोमध काहीच दिसत नव्हतं. तरी बराच वेळ उभी राहिले.

पाऊलखुणांसाठी एक चांगली बातमीही. कंद काढून झाल्यावर उन्हाळ्यात काही शेतं मुद्दाम काही आठवडे पाण्याखाली ठेवतात. मातीतले सूत्रकृमी (बारीक जंत) आणि रोगजंतू गुदमरून मरतात आणि तेवढं औषध वाचतं. आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, दक्षिणेकडे निघालेल्या चिखलपक्ष्यांना वाटेत उथळ पाण्याचा थांबा आयता मिळतो. पक्षीनिरीक्षक खास ती भरलेली शेतं शोधत फिरतात. तेव्हा क्युकेनहॉफला कुलूप असतं.

आणि करकोचे! पांढरे करकोचे गवतातून सावकाश चालत होते. एके काळी तिथून जवळजवळ संपले होते. १९६९ मध्ये लीसवेल्ट इथे त्यांना वाढवून सोडण्याचं काम सुरू झालं, आज हजाराच्या वर जोड्या आहेत. हेग शहराच्या मानचिन्हावरही करकोचाच आहे.

---

पाऊलखुणा

पाणी भरण्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद टिटवी. सदाफुलीताई, 'त्याने ती जागा स्वतः निवडली' हे वाक्य पटलं.

---

दूर्वांकुर

आम्ही येत्या एप्रिलमध्ये जातोय. सोबत ऐंशी वर्षांची आई (चाकाची खुर्ची लागेल) आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलाला फुलांपेक्षा प्राण्यांचं वेड. सहलवाल्यांनी बागेसाठी फक्त अडीच तास दिलेत. कसं जमवू?

---

कालव्याकाठी

अडीच तासांत सगळं बघायचा हट्ट सोडा. सहल सोडून एक दिवस आपलं आपण जाता आलं तर उत्तमच. बाग सकाळी ८ला उघडते आणि पहिला तास-दीड तास पक्ष्यांचा. गाड्या भरून माणसं त्यानंतर येतात. खुर्ची आधी सांगून तिथे मिळते, रस्ते सपाट आहेत.

मंडपांतली प्रदर्शनं शेवटी ठेवा. आधी मोठ्या झाडांच्या आणि पाण्याच्या बाजूला जा. क्युकेनहॉफच्या जुन्या वाड्याभोवतीची ही बाग १८५७ मध्ये झोकर या बागरचनाकार पितापुत्रांनी आखली, ट्यूलिपची बाग त्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी झाली. झाडं मोठी म्हणून ढोली आहेत, ढोली आहेत म्हणून सुतारपक्षी आणि टिट आहेत. सुतारपक्ष्याचा ठोका मुलाला आधी ऐकू येईल, मग वर शोधू दे. आईंची खुर्ची पाण्याकडे तोंड करून लावा. बसलेल्या माणसाला जास्त दिसतं, हे सदाफुलीकाकूंनी दाखवलंच आहे.

एक कळकळीची विनंती. पाव टाकू नका, कुणी टाकत असेल तर मुलाला समजावून सांगा. पोट भरतं पण पोषण नाही, आणि उरलेला पाव पाण्यात सडतो. आणि घरटं दिसलं तर तिथूनच बघा. मागच्या वर्षी मी एका माणसाला फोटोसाठी काठावरून खाली उतरताना पाहिलं. घरट्यावरची मादी पाण्यात उतरली आणि तो वर येईपर्यंत परत गेली नाही. अंडी तेवढा वेळ उघडी. गार वारं होतं. मी ओरडले त्याच्यावर, आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही.

---

दूर्वांकुर

खूप खूप आभार. सहलवाल्यांना तो दिवस वगळायला सांगितलं. मुलाने वहीत वारकऱ्याचा पाय काढलाय, पाकळ्यांसकट.

---

सदाफुली

दूर्वांकुर, तो पाय मला बघायचाय, जमलं तर इथे टाका!

लेक काल परत जाऊन आली, बागेचे शेवटचे दिवस म्हणून. त्याच बाकावर बसली. ताटव्यांतली बरीचशी फुलं उतरली होती. घरटं आणखी उंच झालंय म्हणाली. पिल्लं आता चार. डोक्यावरचा लाल रंग फिका पडलाय. दोन आईमागे, दोन बापामागे, अशी वाटणी करून दोघे दोन दिशांना पोहत होते. रानवाट, ही वाटणी नेहमीची का?

---

रानवाट

हो ताई, वारकऱ्यांत असं दिसतं. पिल्लं जरा मोठी झाली की जोडपं ती वाटून घेतं आणि शक्यतो आपापल्या वाट्याच्या पिल्लांना भरवतं. सातांतली तीन गेली याचं वाईट वाटून घेऊ नका. बगळा, थंडी, भूक, सगळंच असतं. एवढ्या वर्दळीत चार जगली म्हणजे त्या दोघांनी खूप केलंय. लेकीला विचारा, बगळा होता का?

---

सदाफुली

विचारलं. होता. पलीकडच्या काठावर.